कमरेचा वळ

तांबट आळीतले ठोके दुपारी एकाएकी थांबले आणि खंडेरावाची झोप मोडली. आवाजानं जाग येणारी माणसं नाशकात पुष्कळ असतील. या आळीत माणूस जागा होतो तो आवाज बंद पडल्यावर. जन्मल्यापासून कानाशी पंधरा-वीस हातोड्या चालू. त्यातच पोरं झोपतात, म्हाताऱ्या जप करतात, लग्नं जमतात आणि मोडतात. ठोके थांबतात ते अमावास्येला आणि आळीत कुणी मेलं म्हणजे. आज अमावास्या नव्हती. तेव्हा खंडेरावानं पडल्या पडल्या, छपराच्या वाशांकडे बघत, मेलेला माणूस शोधायला सुरुवात केली. फकिरामिस्त्री असावा, वय झालंय, खोकला आहे, आणि परवा त्यानं मागितलेलं पान आपण नाही म्हणून सांगितलं, म्हणजे तो नेमका मरणारच. पण तेवढ्यात फकिरामिस्त्रीचा खोकला समोरच्या ओट्यावरून आला. गोजराबाई? गोजराबाईला मरायला सवड नाही. आळीतली तीन बाळंतपणं तिच्यावाचून अडली आहेत. केरू, आपला धाकटा भाऊ? छे, खाली चप्पल फरपटत चाललाय तो केरूच. एकेक माणूस त्यानं असा नीट तपासला आणि जिवंत म्हणून सोडून दिला. शेवटी एकच नाव उरलं, आणि ते त्याचं स्वतःचं होतं. आता या बाबतीत विचारायचं कुणाला, असा त्याला खरोखरच प्रश्न पडला.

त्यानं हळूच हात खाली नेला. उजव्या जांघेच्या घडीत ती होती. हरभऱ्याएवढी म्हणावी तर मोठी, सुपारीएवढी म्हणावी तर लहान. बोराएवढी म्हणायला त्याची हरकत नव्हती. बुधवारी अंग पुसताना ती बोटाला लागली. दुखत नव्हती. दुखली असती तर ओरडता आलं असतं, ओरडल्यावर माणसं धावली असती आणि सांगायचं काम आपोआप उरकलं असतं. पण ही गाठ सभ्य होती. न बोलावता आलेल्या पाहुण्यासारखी कोपऱ्यात बसून होती. काय घेणार म्हणून विचारायची पंचाईत. मुंबईच्या डॉक्टरनं निघताना बजावलं होतं, कमरेची जखम भरेल, तिची चिंता करू नका. जांघेत गाठ लागली तर मात्र त्याच दिवशी गाडीत बसायचं, ती कापून काढावी लागेल. एक दिवस काढायचा नाही. खंडेरावानं बुधवार काढला, गुरुवार काढला, शुक्रवार काढला, आणि आता शनिवारची दुपार काढायला घेतली होती.

केरू चवड्यांवर चालत आत आला. आळीतला माणूस चवड्यांवर चालतो तेव्हा ताशेवाल्यासारखा ऐकू येतो. "जागा झालास होय? झोप ना, दादा."

"कोण गेलं?"

"कुठं?"

"आळीत. ठोके थांबलेत."

केरूचा चेहरा उजळला. "तुझ्यासाठी! सगळ्यांनी मिळून ठरवलं. जेवणं झाल्यावर ऊन उतरेपर्यंत हातोडी उचलायची नाही. डॉक्टर म्हणाले ना, झोप पाहिजे. फकिरामिस्त्री म्हणाले, खंडेरावासाठी एवढं नाही करायचं तर काय करायचं."

"अरे, पण मेल्याशिवाय थांबत नाहीत. सराव करताय होय?"

केरू हसला. हसायचं कर्तव्य होतं म्हणून हसला, मग त्याला अर्थ लागला आणि त्याचे डोळे भरले. ते लपवायला तो कोनाड्यातला तांब्या उचलून बघायला लागला, जणू तांब्याला पोचा आला असावा. खंडेरावाला त्याची दया आली. त्यानं डोळे मिटून घेतले आणि घोरल्याचा आवाज काढला. केरू समाधानानं चवड्यांवर बाहेर गेला आणि ओट्यावर जाऊन सगळ्या आळीला ओरडून म्हणाला, "झोपला!" समोरून फकिरामिस्त्री ओरडला, "काय?" "झोपला म्हणतो! हळू बोला!" आणि मग पुन्हा ती शांतता आली. ती खोलीत भरत गेली, पुराचं पाणी पायऱ्या चढत येतं तशी, घाई न करता. त्या शांततेत खंडेरावाला आयुष्यात पहिल्यांदा आपलं काळीज ऐकू आलं. ठोका काही चांगला नव्हता. एवढ्या वाईट हातानं ठोकणाऱ्या पोराला त्यानं दुकानातून हाकलून दिलं असतं.

हे सगळं सुरू झालं ते सिंहस्थाच्या साली. गोदावरीचं पाणी घरी न्यायला सगळ्या हिंदुस्थानातली माणसं आली आणि त्या सगळ्यांना गडू पाहिजे होते. खंडेराव सकाळी बैठकीवर बसायचा तो दिवेलागणीला उठायचा. एक पाय पसरून, भांडं पायानं धरून, वाकून ठोकायचं, तर धोतर सैल असून चालत नाही. त्याच्या बापानं त्याला शिकवलं होतं, काठ पाण्यात भिजवून कमरेला आवळायचा. सुकला की असा चावतो की दिवसभर हलत नाही. वरून करगोटा. तीस वर्षं खंडेराव असा आवळलेला होता. कमरेला काळा वळ पडला होता, तसा आळीत सगळ्यांनाच होता. तो नसेल तर माणूस काम करतो की नाही अशी शंका घेतली जाई. त्या साली त्या वळावर उजव्या बाजूला पांढरट डाग आला, मग त्याची साल निघाली, मग ती जागा भरेचना. गोजराबाईनं पोटिसं बांधली. कुणी मोरचूद लावला. आणि खंडेरावानं स्वतः एक युक्ती काढली. तांबं शुद्ध, तांब्याच्या भांड्यातलं पाणी नासत नाही, तर तांब्याखालची कातडी कशी नासेल? त्यानं उत्तम पत्र्याचा तुकडा घेतला, पानासारखा पातळ ठोकला, कमरेच्या वळणावर बेतून बाक दिला, कडा घासून गुळगुळीत केल्या आणि जखमेवर बसवून त्यावरून धोतर आवळलं. असा बसला की कमरेलाच उगवला असावा. आळीतली माणसं बघायला आली. फकिरामिस्त्रीनं गुडघ्यासाठी एक करून मागितला. दोन वर्षं तो पत्रा खंडेरावाच्या कमरेवर होता. दर शनिवारी काढून चिंचेनं घासायचा, लखलखीत करायचा आणि परत बसवायचा. पत्र्याखाली काय चाललंय ते तो बघत नसे. पत्रा चकचकीत होता, तेवढं त्याला पुरे होतं. त्या पत्र्यानं रोज थोडं थोडं खरवडून आजाराला वाट करून दिली, हे मुंबईच्या डॉक्टरनं सांगितलं तेव्हा त्याला वाईट वाटलं ते पत्र्याबद्दल. काम इतकं साफ उतरलं होतं.

मुंबईला नेलं ते अब्बासनं. अब्बास कल्हईवाला, खंडेरावानं भांडं घडवायचं आणि अब्बासनं आतून कल्हई करायची, असं वीस-बावीस वर्षं चाललेलं. गेल्या फाल्गुनात एक दिवस अब्बास दुकानात येऊन बसला, नाक वर करून हुंगलं आणि म्हणाला, "खंडू, तुझ्या धोतराला वास मारतो यार." नवसागराच्या धुरात ज्यानं जन्मभर नाक जाळून घेतलं, त्याला वास आला. खंडेरावानं हसण्यावारी नेलं, "अत्तर बदललंय." अब्बास हसला नाही. त्यानं दुकानाची फळी ओढून घेतली, म्हणाला, "उघड." पत्रा निघाला तेव्हा अब्बास बराच वेळ बघत बसला, आणि मग एवढंच म्हणाला, "उद्या जायचं." चंद्रभागा, खंडेरावाची बायको, नाशिक रोडला टांग्यातून उतरेपर्यंत समजत होती की नवऱ्याला मुंबई दाखवायला नेताहेत.

इस्पितळात पहिल्या दिवशी नर्सबाईनं कात्रीनं करगोटा तोडला. तिनं विचारलं नाही; तिला वाटलं, दोरा आहे. खाटेशी उभी असलेली चंद्रभागा खाली बसली. करगोटा तोडतात तो माणूस मेल्यावर, आंघोळ घालताना. जिवंत माणसाचा तोडलेला तिनं बघितला नव्हता, ऐकलाही नव्हता. खंडेराव म्हणाला, "बरं झालं, ते एक काम उरकलं. आता पुढच्यांना त्रास नाही." नर्सबाईला मराठी कळत नव्हतं म्हणून ती प्रसन्नपणे हसली. मग कमरेच्या मापाचा मेणाचा पट्टा केला, त्यात रेडियमच्या नळ्या बसवल्या आणि तो रोज काही तास बांधून ठेवायचा. नळ्या शिशाच्या डब्यातून यायच्या, चिमट्यानं उचलायच्या, आणि त्या लावल्या की सगळे लांब जायचे. डॉक्टरही लांब जायचा. हे खंडेरावाच्या लक्षात राहिलं: इतकं गुणकारी औषध, की ते देणारा माणूस पळतो. अब्बास व्हरांड्यात बसायचा. आळीत ठोक्यांच्या गोंगाटात बोलायला हातांच्या खुणा असतात, त्या खुणांनी दोघं दारातून बोलायचे. जेवलास का. दुखतंय का. तो शेजारचा किती घोरतो. शेजारचा म्हणजे विंचूरचा कारभारी. पायाला तसलंच काहीतरी, आणि जांघेत गाठ. त्याला कापायला नेलं, परत आणलं, नऊ दिवस तो भिंतीकडे तोंड करून होता. दहाव्या दिवशी खंडेराव उठला तर खाटेवर धुतलेली चादर होती. इतकी नीट घातलेली, एक सुरकुती नाही. कारभारी कुठं गेला हे खंडेरावानं विचारलं नाही. घरी गेला असेल. माणसं घरी जातात. नर्सबाईनं अब्बासला काय सांगितलं ते अब्बासला विचारता आलं असतं. त्यासाठी आळीत चांगली खूणसुद्धा आहे. पण अब्बास त्या दिवशी दारातून दुसऱ्याच कशाच्या खुणा करत राहिला, बहुतेक वांग्याच्या भाजीच्या.

आणि मग घरी आल्यावर सगळे भले झाले. हे फार कठीण होतं. कमरेला काही बांधायचं नाही, धोतर नाही, करगोटा नाही, म्हणून अब्बासच्या बायकोनं, रेहानाभाभीनं, खांद्यावरून घोट्यापर्यंत येणारा एक झगा शिवून पाठवला. तो घालून खंडेराव ओट्यावर बसला तेव्हा गोजराबाई म्हणाली, "बाई गं, हे तर बाळाचं झबलं! आता टोपडं तेवढं राहिलं." तो म्हणाला, "टोपड्याला माप घेऊन जा, गोजराबाई. पण पाचवी पुजायला विसरू नका." सगळी आळी हसली. दुसऱ्या दिवशी गोजराबाईनं खरंच टोपडं आणलं. हसता हसता तिला ठसका लागला आणि ती ठसका लागायच्या निमित्तानं रडून घेऊन गेली. रोज कुणी ना कुणी यायचं. कुणी पेरू, कुणी अंगारा, कुणी विहितगावच्या वैद्याचं तेल. सगळे यायचे ते खंडेरावाला धीर द्यायला, आणि दारात आले की उभे राहायचे, काय बोलावं ते न सुचून. मग खंडेरावालाच एखादी गंमत करून त्यांना बसवून घ्यावं लागे. एकदा हसले की त्यांना बरं वाटे. बाहेर जाऊन सांगत, "माणूस खंबीर आहे हो. हसतोय." घाण्याला जुंपल्यासारखा तो हसवत होता. संध्याकाळपर्यंत गाल दुखत. डॉक्टरनं विश्रांती सांगितली होती, पण ती कमरेची. जिभेबद्दल तो काही बोलला नव्हता.

तेव्हा गाठ लागली हे सांगायचं कुणाला? हा विचार बुधवारपासून तो वेगवेगळ्या बाजूंनी करत होता आणि प्रत्येक बाजूनं तो कारभाऱ्याच्या धुतलेल्या चादरीशी येऊन थांबत होता. सांगितलं तर सुरी. नाही सांगितलं तर काय ते त्याला ठाऊक होतं, पण त्याला अजून तारीख पडलेली नव्हती. शिवाय ही शांतता. एरवी ठोक्यांच्या आड माणूस काहीही बोलू शकतो, शेजारी बसलेल्यालाच कळतं. आता नुसतं "गाठ" म्हटलं तरी ते समोरच्या ओट्यापर्यंत जाईल, फकिरामिस्त्री "काय?" म्हणून ओरडेल आणि केरू ते ओरडून सांगेल. त्याच्यासाठी म्हणून आळीनं ठोके थांबवले आणि त्याला एक शब्द बोलायची सोय उरली नाही.

अब्बास आला तो जिन्यातूनच खोकत. हात नवसागरानं पांढरे. दसऱ्याच्या तोंडावर सगळ्या गावाची भांडी कल्हईला निघतात, भट्टी थंड होऊ द्यायची नसते, तरी तो रोज येत होता. "क्या खंडू, सन्नाटा केलाय रे आळीत? मला वाटलं चुकून आमच्या कबरस्तानात आलो."

"तुमच्यात जागा आहे का?"

"तुला नाही देणार. तू तिथं पण लोकांना उठवून बसवशील." अब्बासनं पायाशी बैठक मारली, झग्याची कड उचलून शिलाई बघितली. "रेहाना विचारते, बगलेत कसतो का? कसत असेल तर उसवून देते."

"भाभीला सांग, राजेशाही आहे. फक्त त्यात मी तुझ्यासारखा दिसतो."

"अरे, माझ्यासारखा दिसायला नशीब लागतं." अब्बास हसला आणि मग, हसण्याच्या शेपटाशी, विचारलं, "बाकी? काही आहे?"

होतं. ते बोराएवढं होतं आणि अब्बासच्या हातापासून वीतभर लांब होतं. खंडेरावानं तोंड उघडलं. शब्द तयार होता, नुसता सोडायचा बाकी. अब्बासकडे बघितलं तर तो हसायच्या तयारीत होता; बिचारा डोळे बारीक करून, तोंड किंचित उघडून, वाट बघत होता. मुंबईच्या व्हरांड्यात हा माणूस फरशीवर झोपला. ह्याला परत झोपवायचं? खंडेराव म्हणाला, "आहे ना. तुझी कल्हई टिकत नाही अशी तक्रार आहे. गोजराबाईचा टोप महिन्यात तांबडा दिसायला लागला."

"तिला म्हणावं घासू नकोस, जपून ठेव, माझी आठवण म्हणून!" अब्बास मांडीवर थाप मारून हसला. जाताना त्यानं दारातून हात केला, ठोक्यांतली खूण: उद्या. खंडेरावानंही केली. ती करताना त्याचा हात इतका हलका वर गेला की तो त्याचा वाटेना. नुसता हात वर गेला, उद्या म्हणाला आणि खाली आला, आणि खंडेराव पाठीमागं कुठेतरी खोल पडून राहिला, विहिरीत पडलेल्या घागरीसारखा, वरून बघणारी माणसं हसताना दिसताहेत आणि दोर कुणाच्या हातात नाही.

चंद्रभागा पट्टी बदलायला आली. उकळून निववलेलं पाणी वाटीत, स्वच्छ धडपा, बोरिकचं मलम. मुंबईच्या नर्सबाईनं एकदा दाखवलं तसं ती रोज करायची, न बोलता, ओठ मिटून, पुरणाची पोळी लाटताना मिटते तसे. झगा वर सारला. जुनी पट्टी भिजवून सोडवली. जखम आता तळहाताएवढी उरली होती आणि कडेनं गुलाबी कातडी येत होती, ती बघून ती रोज म्हणायची, "भरतेय हं." आजही म्हणाली. मग ती कडेकडेनं पुसत खाली आली आणि खंडेरावानं बघितलं की तिची बोटं जांघेपाशी येतात आणि वळतात. घडीच्या अलीकडे थांबून, वळसा घालून, पलीकडून निघतात. तिथं काही नसतं तर बोटं सरळ गेली असती. त्याला आठवलं, कालही ती वळली होती. परवाही.

"चंद्रभागे."

"हं."

"तुझी बोटं वळून का जातात?"

तिचा हात थांबला. मग पुन्हा पुसू लागला, पण आता पुसलेलीच जागा पुसत होता. "कधीपासून?" त्यानं विचारलं.

"सोमवारपासून."

म्हणजे त्याच्याही आधी. तो बुधवारी आला होता त्या भीतीच्या गावात. ही सोमवारी येऊन राहिली होती. "सोमवारपासून! आणि बोलली नाहीस?"

"तुम्ही हसवत होता सगळ्यांना," ती म्हणाली. "मला वाटलं तुम्हाला माहीत नसेल. म्हटलं, हसताहेत तर चार दिवस हसू देत. सांगितलं की बंद होईल."

"मी तुझ्यासाठी हसवत होतो!"

"मला कुठं हसू येत होतं?"

खंडेरावानं वाटी भिरकावली. आजार आल्यापासून तो पहिल्यांदा रागावला होता आणि राग इतक्या दिवसांचा साठलेला होता की कुणावर काढावा ते ठरायच्या आत हात सुटला. वाटी भिंतीला लागली, खाली आली, आणि तांब्याची असल्यामुळं सगळ्या जिन्यावरून ठणठणत उतरत गेली. त्या शांततेत ती फौजेसारखी वाजली. खालून केरू ओरडला, "दादा! काय झालं?" समोरून फकिरामिस्त्री, "काय झालं रे?" चंद्रभागा खिडकीशी जाऊन म्हणाली, "काही नाही, वाटी पडली!" "काय?" "वाटी! वाटी पडली!" आणि खिडकीचं दार ओढून घेऊन ती तिथेच उभी राहिली, पाठमोरी.

"दोघांनी मिळून मरायचं ठरवलं होतं का आपण?" तो म्हणाला. "एकमेकांना न सांगता?"

ती वळली. जवळ आली, खाटेच्या कडेला बसली. त्याच्याकडे इतकं सरळ तिनं लग्नातही बघितलं नव्हतं. तेव्हा मध्ये अंतरपाट होता. "घाबरलात?" तिनं विचारलं.

काहीतरी बोलायची वेळ होती. एखादी गंमत. त्यानं शोधली. टोपडं, पाचवी, कबरस्तान, सगळं उलथंपालथं करून बघितलं. जिथं हात घालावा तिथं रिकामं. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. "हो," तो म्हणाला.

"मीपण."

तिनं जखमेवर मलम लावून नवी पट्टी बसवली. मग ती म्हणाली, "अब्बासभाईंना निरोप धाडते. उद्या पहाटेचं निघू."

"नाही. मी जायचा नाही." आणि त्यानं तिला कारभाऱ्याची चादर सांगितली. एक सुरकुती नव्हती, हे दोनदा सांगितलं. ती म्हणाली, "तो उशिरा आला होता. अब्बासभाईंनी मला सांगितलं तेव्हाच." "आणि मी?" त्यानं विचारलं. वाटी आणायला ती उठली, आणि उठताना, सवयीनं, तिनं लुगड्याची कमरेची गाठ दोन्ही हातांनी धरली, पोट आत घेतलं आणि एक हिसका देऊन आवळली. त्यानं तिला हे करताना हजारदा बघितलं असेल. पहाटे जातं ओढताना, पाणी भरताना, बाळंतपणाच्या दुसऱ्या महिन्यात. काम करणारी बाई अशीच आवळते. आणि मुंबईचा डॉक्टर, हात पुसता पुसता, दारातून बोललेला आता त्याला ऐकू आला. त्या वेळी तो ऐकत नव्हता, त्या वेळी तो चादरीकडे बघत होता. तुमच्या बायकांनाही होतं हे, त्याच जागी, डॉक्टर म्हणाला होता. पण त्या दाखवायला येत नाहीत. आल्या तर फार उशिरा येतात.

"इकडे ये," तो म्हणाला. "सोड ती गाठ."

"काय?"

"गाठ सोड. मला बघू दे."

तिला कळायला वेळ लागला आणि कळलं ते भलतंच. "वेड लागलंय का? भरदुपारी? सगळी आळी कान देऊन बसलीय!"

"कमर दाखव. तुझी."

"मला काय धाड भरलीय?"

"मीही अब्बासला असंच उडवून लावलं होतं."

लुगड्याच्या गाठीवर तिनं दोन्ही हात ठेवले होते, झाकल्यासारखे. तिथं काही आहे का, हे त्या हातांवरून ओळखता येत नव्हतं. सगळ्याच बायका तसे ठेवतात. "मी परक्या पुरुषाला दाखवायची नाही," ती म्हणाली. "आधीच सांगते. तुम्ही मला त्या इस्पितळात घालून द्याल. मला ठाऊक आहे तुमची चाल."

"मग मीही जायचा नाही. बसू दोघं इथंच. आळी शांत आहे, हवा चांगली आहे."

"म्हणजे मी तुम्हाला दाखवलं तर तुम्ही मुंबईला याल?"

"येईन."

"कापून घ्याल?"

तो शब्द तिनं इतका सरळ उच्चारला. "घेईन," तो म्हणाला.

तिनं दाराकडे बघितलं. जाऊन कडी लावली. या शांततेत ती कडी पंचवटीत ऐकू गेली असेल. परत आली, खिडकीच्या फटीतून येणाऱ्या उजेडात पाठमोरी उभी राहिली आणि गाठीशी झटू लागली. घट्ट बसली होती, सुटेना. नखं लावली, पुटपुटली, शेवटी सुटली. तिनं लुगडं जेमतेम चार बोटं खाली केलं. तिथं वळ होता. काळा, रुंद, जाड. वर्षानुवर्षं चुलीवर चढलेल्या भांड्याच्या कडेसारखा. पस्तीस वर्षं तो तिथं होता आणि खंडेरावानं तो उजेडात बघितला नव्हता. अंधारात हात कधी गेला असेल, पण अंधारात सगळ्यांच्या कमरा सारख्याच. तो कोपरावर उठला. जखम ओढली गेली, डोळ्यांपुढं चमकलं, तरी उठला. डाव्या कडेपासून त्यानं सुरुवात केली. बोटाच्या टोकानं, थोडं थोडं दाबत, पुढं सरकत. खरखरीत. कोरडं. इथं भेग, पण वरवरची. इथं एक खवली. नखानं उचलली, खाली कातडी शाबूत. पुढं.

चंद्रभागेच्या पाठीतून काहीतरी सरकलं. ती आक्रसली. त्याचं बोट जागीच थांबलं. "दुखतंय?"

"नाही," ती म्हणाली. तिचा आवाज फुटत होता. "गुदगुल्या होतात." आणि तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला, कारण हसू आवरेना. खांदे हलत होते, पाठ हलत होती, सगळी चंद्रभागा हलत होती, आणि थोड्या वेळानं ते हसू आहे की आणखी काही, हे पाठीमागून सांगता येईना.

"हलू नकोस," तो म्हणाला. "चुकायला होतं."

तिनं खिडकीची चौकट धरली आणि स्थिर राहिली. त्याचं बोट तिच्या पाठीच्या कण्यापर्यंत आलं होतं. अजून उजवी बाजू राहिली होती.